स्ट्रीट, थर आणि आमचा विस्तार

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी प्राध्यापक मंडळी बोलतात. यंदाच्या वक्त्यांना ऐन वेळी जमेना, तेव्हा कार्यवाहांनी आमच्या दाराची कडी वाजवली. आम्ही पडलो सरकारी नोकर, त्यातून डिप्लोमावाले. हाताखालून रस्ते पुष्कळ गेले, पुस्तकं बेताचीच गेली. आम्ही विचारलं, "रस्त्यावर बोललो तर चालेल का?" कार्यवाह म्हणाले, "रस्त्यावर कशाला, हॉलमध्येच बोला की!" असा हा विषय ठरला.

विषय एका शब्दाचा आहे. युरोपातल्या कितीतरी भाषांमध्ये तो थोड्याफार फरकाने सापडतो. इंग्रजीत स्ट्रीट, जर्मनमध्ये श्ट्रास, डचमध्ये स्त्रात, इटालियनमध्ये स्त्रादा, पोर्तुगीजमध्ये इश्त्रादा. या भाषांची आपसांत भांडणं झाली, लढाया झाल्या, पण हा शब्द मात्र सगळ्यांनी घरात ठेवला. आता बडोद्याच्या ओव्हरसिअरला या शब्दाशी काय करायचं आहे, असं तुमच्या मनात येईल. त्याची हकिगत आधी सांगतो.

गेल्या माघात आम्ही पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. आमची लेक दहावीत आहे. जेवणाच्या वेळी तिच्या मामेबहिणीने विचारलं, "तुम्ही बडोद्यात नक्की कुठे राहता ग?" लेक म्हणाली, "आमचा विस्तार दांडिया बाजारच्या मागे आहे." झालं. "विस्तार? म्हणजे मंत्रिमंडळाचा का?" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळी पोरं हसली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. त्या वयात आम्हीही हसलो असतो. पण पोरीने उरलेला दिवस त्यांच्याशी हिंदीत काढला. परतीच्या गाडीत सुरत मागे पडल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबा, आपलं मराठी खोटं आहे का?"

बघा, "चुकीचं आहे का" असं ती म्हणाली नाही. गुजरातीत चुकीलाही खोटुंच म्हणतात, म्हणून तिच्या तोंडी "खोटं" आलं. आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या बडोद्यात गेल्या. पणजोबा गायकवाडी नोकरीत, आजोबाही तसेच. घरात मराठी बोलायची हे कोणी सांगावं लागलं नाही. पण शेरी, पोळ, विस्तार, पाथरणं हे शब्द आमच्या मराठीत कधी येऊन बसले ते कळलंही नाही. आम्ही तिला तेव्हा एवढंच म्हणालो, "खोटं नाही ग." का नाही, ते सांगता आलं नाही. बापाला असं निरुत्तर बसणं जड जातं.

म्हणून मग रविवारी सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसायला लागलो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून ज्या ग्रंथालयांची घडी बसवली, त्यांतलं हे मुख्य. शब्दांच्या बाबतीत हे शहर पहिल्यापासून हौशी आहे. राज्यकारभारातले शब्द निरनिराळ्या भाषांमध्ये एकमेकांसमोर मांडणारा कोश महाराजांनी १९३१ मध्ये काढवला होता. आम्ही मात्र साध्या कामाला गेलो होतो. कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश आणि टर्नरसाहेबांचा भारतीय आर्यभाषांचा जाडजूड कोश यांत "विस्तार" शोधायचा, बस्स.

विस्तार शोधता शोधता स्ट्रीट हाती लागला.

संस्कृतात "स्तृ" असा धातू आहे. अर्थ पसरणं, अंथरणं. यज्ञात देवांना बसण्यासाठी वेदीवर दर्भ पसरत, त्या पसरण्याला हाच धातू वापरलेला आहे. त्यातून स्तर, विस्तार, विस्तीर्ण, आस्तरण, प्रस्तर असे शब्द निघाले. मराठीने यातले बरेचसे आपल्या पद्धतीने झिजवून घेतले. संस्कृत "स्त" मराठीत येताना बहुधा "थ" होतो. मस्तकाचा माथा झाला, पुस्तकाची पोथी झाली, तसा स्तराचा झाला थर. दुधावर सायीचा थर येतो तो, आणि गोकुळाष्टमीला पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून लावतात तोही. आस्तरणाचं झालं अंथरूण. प्रस्तराची झाली पथारी. याच प्रस्तर शब्दाला दगड असाही अर्थ आहे, त्यातून पत्थर आला आणि दगड घडवणारा आमचा पाथरवट आला. गुजरातीत पाथरवुं म्हणजे अंथरणं, पाथरणुं म्हणजे अंथरायची वस्तू. तुम्ही आत्ता बसला आहात त्या सतरंज्या दुपारी मुलांनी अंथरल्या म्हणा की पाथरल्या म्हणा, मूळ धातू एकच.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण आम्हीही फसलो होतो. "अंथरूण पाहून पाय पसरावे" या म्हणीतलं अंथरूण या घराण्यातलं आहे, पण "पसरावे" नाही. पसरणं हे "सृ" म्हणजे सरकणं या धातूतून आलं. अर्थ जवळचा, आवाज जवळचा, पण रक्ताचं नातं नाही. शब्दांच्या नातेसंबंधात नुसत्या तोंडवळ्यावर जाऊ नये. मोबाईलवर रोज सकाळी जे निरोप येतात, की इंग्रजी सगळी संस्कृतातूनच निघाली, ते असेच तोंडवळ्यावर चालतात. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत बोलताना जे मांडलं ते वेगळं होतं. त्यांचं म्हणणं असं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एका उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज उरलेलाही नसेल. म्हणजे या भाषा आई आणि मुली नाहीत, बहिणी आहेत. आम्हाला तरी यात काही कमीपणा वाटत नाही. बहिणी असणं काय वाईट?

तर संस्कृतच्या "स्तृ"ची लॅटिनमधली बहीण म्हणजे "स्तेर्नेरे". अर्थ तोच, पसरणं, अंथरणं. आपल्याकडे जसं "स्तीर्ण" म्हणजे पसरलेलं, तसं त्यांच्याकडे "स्त्रातुस", स्त्रीलिंगी रूप "स्त्राता". लॅटिनमध्ये वाटेला "विया" म्हणत. दगड-खडी अंथरून केलेली वाट ती "विया स्त्राता", अंथरलेली वाट. पुढे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात लोकांनी विया गाळून टाकलं आणि नुसतंच "स्त्राता" म्हणू लागले. यात नवल नाही. आपल्याकडे खेड्यात वाट विचारली तर सांगतात, "पुढे डांबरी लागेल, तिथून डावीकडे वळा." डांबरी सडक कोणी म्हणत नाही. विशेषणच नाम होऊन बसतं.

आम्ही नोकरीत लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात साईटवर शब्द ऐकला, "कारपेट". घरात घालायचं कारपेट नव्हे. खडी आणि डांबर मिसळून वीस मिलिमीटरचा जो पातळ थर देतात, त्याला आमच्या धंद्यात कारपेट म्हणतात. मजूरसुद्धा म्हणतात, "आज कारपेट पाथरायचंय." म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या माणसाने रस्त्याला जे नाव दिलं, तेच आमचा मुकादम रोज देत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

रोमन लोकांच्या रस्त्यांबद्दल आम्हाला थोडं जास्त बोलू द्या, धंद्याचा विषय आहे. त्यांचा नावाजलेला रस्ता म्हणजे विया आप्पिया. इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये आप्पियुस क्लौदियुस या अधिकाऱ्याने तो रोमपासून कापुआपर्यंत काढला. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. सुरुवातीला तो खडीचाच होता, मोठ्या दगडांची फरसबंदी मागाहून टप्प्याटप्प्याने झाली. म्हणजे निधी टप्प्याटप्प्याने मिळणं तेव्हाही होतं असं म्हणायला हरकत नाही. हा रस्ता युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला तो २०२४ च्या जुलैत, आणि त्या समितीची बैठक त्या वर्षी भरली होती आपल्या दिल्लीत.

आम्ही पॉलिटेक्निकला असताना रोमन रस्त्याची एक आकृती घोकली होती. खाली मोठे दगड, वर चुन्यातला जाड भर, त्यावर बारीक भर, सर्वांत वर फरशी. चार थर, चार लॅटिन नावं, परीक्षेत पाच गुण. आता कळतं की ती आकृती पूर्णपणे खरी नाही. रोमन वास्तुकार वित्रुवियुस याने घरातली जमीन कशी करावी ते लिहिलं होतं. १६२२ मध्ये निकोला बेर्जिए या फ्रेंच गृहस्थांनी रोमन रस्त्यांवर ग्रंथ लिहिला आणि ते जमिनीचे थर रस्त्याला लावले. पुढे सगळ्यांनी तेच उतरवलं. प्रत्यक्ष खणल्यावर दिसतं की रोमन माणूस जागा पाहून काम करायचा. दलदल असेल तिथे लाकडं घालायचा, खडक असेल तिथे काही घालायचाच नाही. आम्हाला हे वाचून त्याच्याबद्दल आदर वाढला. पाच गुण मात्र परत द्यावे लागतील.

आता हा शब्द परक्यांच्या घरात कसा शिरला ते बघा. ऱ्हाईन नदीच्या पलीकडे जर्मन टोळ्या राहत होत्या. त्यांच्याकडे वाटा होत्या, पण अंथरलेला रस्ता नव्हता. रोमन सैन्य आलं, तळ पडले, रस्ते झाले, व्यापार सुरू झाला. वस्तू आली की तिच्याबरोबर नाव येतं. त्या काळात जर्मन बोलींनी लॅटिनमधून जे उचललं त्यात वाईन आहे, भिंत या अर्थाचा वॉल आहे, माईल म्हणजे आपला मैल आहे आणि स्ट्रीट आहे. मैल म्हणजे लॅटिन "मिले", हजार. हजार दुहेरी पावलं झाली की एक रोमन मैल.

हे उचलणं फार जुनं आहे, याचा पुरावा शब्दाच्या पोटातच आहे. मध्य आणि दक्षिण जर्मनीच्या बोलींमध्ये एका काळात "ट"चा "स" झाला. इंग्रजी वॉटर, जर्मन वासर. इंग्रजी फूट म्हणजे पाऊल, जर्मन फूस. तसंच इंग्रजी स्ट्रीट, जर्मन श्ट्रास. म्हणजे "ट"चा "स" होण्याची लाट आली तेव्हा हा शब्द घरात आधीच येऊन बसलेला होता, म्हणून घरच्या शब्दांबरोबर तोही बदलला. मागाहून आलेल्या पाहुण्यांना ती लाट लागली नाही. आपल्याकडे स्तराचा थर झाला, पण पुढे शास्त्राच्या पुस्तकांसाठी आपण संस्कृतातून तोच शब्द पुन्हा आणला, तो स्तर राहिला. "भूस्तर", "राहणीमानाचा स्तर" हे या दुसऱ्या खेपेचे. इंग्रजीतही हुबेहूब असंच झालं. स्ट्रीट आधी आला आणि झिजला. भूगर्भशास्त्रवाल्यांनी नंतर "स्ट्रेटम" आणला, तो कोराच राहिला. शिवाय पसरणं या अर्थाचा स्ट्र्यू हा शब्द इंग्रजीकडे वाडवडिलांकडूनच आलेला आहे. एकच धातू, तीन दारांनी एकाच घरात शिरला आणि तिघांची एकमेकांना ओळख नाही. ग्रीकांकडे याच मुळातून सैन्याला नाव पडलं "स्त्रातोस", म्हणजे तळ पसरून राहिलेलं. त्यावरून स्ट्रॅटेजी. आमचे साहेब मीटिंगमध्ये हा शब्द तासाला दहादा वापरतात.

इंग्लंडची गोष्ट आणखी मजेची. इसवी सन ४१० च्या सुमाराला रोमन सत्ता तिथून उठली. रस्ते तिथेच राहिले. नंतर समुद्रापलीकडून आलेल्या अँग्लो-सॅक्सन लोकांनी ते पाहिले आणि त्या जुन्या अंथरलेल्या रस्त्यांना स्ट्रीट म्हटलं. डोव्हरकडून लंडनवरून वायव्येला जाणारा वॉटलिंग स्ट्रीट हा गल्लीबोळ नाही, शेकडो किलोमीटरचा हमरस्ता आहे. शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड. फर्ड म्हणजे नदीतला उतार. रोमन रस्ता जिथे नदी ओलांडतो ती जागा. फ्रान्सच्या सीमेवरचं स्ट्रासबूर्ग म्हणजे रस्त्यांवरचा कोट, तिथे आता युरोपियन पार्लमेंट भरतं. गावांच्या नावांमध्ये हा शब्द असा जागोजाग पुरलेला आहे. वर गवत उगवलं, पण नाव सांगतं की खाली खडी आहे.

पुढे इंग्रजीत या शब्दाचा संकोच झाला. दोन्ही बाजूंना घरं असतील तो स्ट्रीट असं ठरलं. लांबच्या वाटेला रोड म्हणू लागले. हा रोड घोड्यावर बसून जाण्याच्या क्रियेवरून निघाला आणि वाट या अर्थाने रुळला तो शेक्सपिअरच्या काळाच्या आसपास. म्हणजे रोड हा त्या मानाने कालचा पोर. फ्रेंच लोकांनी तर स्ट्रीटचा आपला अवतार जवळपास टाकूनच दिला आणि गावातल्या रस्त्याला "र्यू" म्हणू लागले. त्याचं मूळ लॅटिन "रूगा", म्हणजे सुरकुती. गावाच्या चेहऱ्यावरची सुरकुती. पोर्तुगीज "रुआ" तोच. पणजीला गेलात तर जुन्या वस्तीत पाट्यांवर अजून दिसेल. आणि अरबीत "सिरात" म्हणजे मार्ग, कुराणाच्या पहिल्याच प्रकरणात येतो तो शब्द. तोही याच लॅटिन स्त्रातावरून ग्रीक आणि अरामी भाषांच्या मार्गे गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. व्यापारी आणि सैनिक जिथवर चालत गेले तिथवर शब्द गेला.

इथे शेअर बाजारात लक्ष असलेली मंडळी बरीच आहेत, म्हणून सांगतो. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला डच लोकांची वसाहत होती. १६५३ मध्ये त्यांनी उत्तरेच्या बाजूला बचावासाठी तटबंदी घातली. त्या तटाच्या कडेचा रस्ता तो वॉल स्ट्रीट, असं सर्वसाधारणपणे सांगतात. त्यातला वॉल हा लॅटिन "वाल्लुम" आणि स्ट्रीट हा लॅटिन "स्त्राता". जगातल्या सगळ्या पैशाचा पत्ता, आणि त्यात इंग्रजाच्या घरचा असा शब्द एकही नाही! पण अमेरिकेतल्या कोणा माणसाला जाऊन म्हणा, तुझं इंग्रजी खोटं आहे. तो तुमच्याकडे बघतच राहील.

हे वाचलं त्या दिवशी आम्ही घरी येऊन लेकीला हाक मारली. वहीवर वंशावळ काढून दाखवली. वर धातू, खाली एका फांदीवर स्त्राता, स्ट्रीट, श्ट्रास. दुसऱ्या फांदीवर थर, अंथरूण, पथारी, पाथरवट आणि विस्तार. पुण्यात विस्तार म्हणजे मोठं होणं, बडोद्यात विस्तार म्हणजे वस्ती जिथवर पसरली तो भाग. दोन्ही धातूच्या अर्थात बसतं. तिने बराच वेळ वही पाहिली आणि विचारलं, "मग गल्ली कुठून आली?" ते अजून शोधलेलं नाही. लेकीला एक उत्तर दिलं की दोन प्रश्न अंगावर येतात.

बडोद्याला आणि रोमला जोडणारा एक धागा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या अकोट्याला उत्खनन झालं त्यात रोमन घडणीची काशाची मूठ सापडली, तिच्यावर इरॉस म्हणजे त्यांच्या मदनाची आकृती आहे. भरूच बंदरात तेव्हा पश्चिमेची जहाजं लागत. म्हणजे रोमन भांडं विश्वामित्रीच्या काठापर्यंत आलं, बहुधा बैलगाडीने आलं. शब्द मात्र तेव्हा आला नाही. तो यायला इंग्रज यावा लागला.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. इथवर शब्दाची गंमत झाली, पण थर हा शब्द आमच्या तोंडी सहज येत नाही त्याला दुसरंही कारण आहे.

आमच्या पोळीतल्या वाड्याला आजोबांच्या वेळी रस्त्यापासून तीन पायऱ्या होत्या, मग ओटा, मग उंबरा. आजोबा संध्याकाळी ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्याकडे मान वर करून बघावं लागे. आमच्या लहानपणी दोन पायऱ्या उरल्या होत्या. आज एकही नाही. ओटा रस्त्याला टेकला आहे. पायऱ्या कोणी काढल्या नाहीत, रस्ताच वर चढत गेला. दर काही वर्षांनी कारपेट, त्यावर पुन्हा कारपेट. नियम असा की जुना थर खरवडून काढावा आणि मग नवा द्यावा. खरवडायचं यंत्र अरुंद पोळीत शिरत नाही, हाताने खरवडायचे पैसे एस्टिमेटमध्ये नसतात. मग थरावर थर. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंच्या देवघरात पाणी आलं. काकू शहाण्णव वर्षांच्या आहेत. त्या म्हणाल्या, "अरे, पूर्वी लक्ष्मी पायऱ्या चढून यायची, आता पाणी उतरून येतं."

पोळीतला रस्ता आमच्या खात्याकडे नाही, हे खरं. पण म्हणून आम्हाला हात झटकता येत नाहीत. बारा वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावातून जाणारा रस्ता आमच्या हाताखाली झाला. गावाच्या मधोमध अर्धा किलोमीटर. जुनं डांबर उखडायला वेळ नव्हता, मार्च तोंडावर आला होता, आणि पैसे परत जातील म्हणून वरून घाई होती. आम्ही जुन्या थरावरच खडीचा थर देऊन वर कारपेट घातलं. मोजमापाच्या पुस्तकात जाडी बरोबर भरली, सही केली, साहेबांनी शाबासकीही दिली. पावसाळ्यानंतर पाहणीला गेलो तर एका म्हातारीने हात धरून घरात नेलं. घर रस्त्याच्या खाली वीतभर गेलं होतं. भिंतीला कमरेइतकी ओल होती. ती रागावली नाही. म्हणाली, "साहेब, रस्तो ऊंचो थयो, ने मारुं घर नीचुं थयुं." आम्ही मान खाली घालून बाहेर आलो. त्या वर्षीच्या एस्टिमेटात तिच्या घरासाठी काही बसवता आलं नाही. पुढच्या वर्षी आमची बदली झाली.

रोमलाही असंच झालं आहे. आजच्या रोमच्या रस्त्यांखाली काही मीटरवर जुनं रोम आहे, ते पाहायला पायऱ्या उतराव्या लागतात. फरक एवढाच की त्याला शेकडो वर्षं लागली, आम्ही ते काम बारा-पंधरा वर्षांत उरकतो. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं पाँपेई शहर खणून काढलं, तिथले रस्ते अजून जागेवर आहेत. रस्ता मुद्दाम खाली ठेवलेला, दोन्ही बाजूंना उंच पदपथ, आणि रस्त्याच्या आडवे मोठे दगड बसवलेले, म्हणजे पाणी वाहत असलं तरी माणसाने दगडांवर पाय देऊन पलीकडे जावं. दगडांच्या मधल्या फटीतून गाडीची चाकं जात. पाण्याने रस्त्यावरून जायचं, घरात यायचं नाही, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आमच्या साहेबांच्या टेबलावर त्या रस्त्याचा फोटो ठेवावा असं पुष्कळदा मनात येतं.

मॅकअ‍ॅडम साहेबांचंही नाव घ्यायला हवं. जॉन लाउडन मॅकअ‍ॅडम, स्कॉटलंडचे, १७५६ ते १८३६. १८१६ मध्ये ते ब्रिस्टलकडच्या रस्त्यांचे सर्व्हेयर झाले. खाली मोठे धोंडे घालायची गरज नाही, जमीन कोरडी राहिली तर तीच भार घेते, वर लहान फोडलेली खडी घाला, तिच्या कडा एकमेकींत अडकतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचं आडनावसुद्धा युरोपच्या भाषांनी वाटून घेतलं. फ्रेंच, जर्मन सगळे मकादाम म्हणतात आणि आम्ही रोज फाईलवर डब्ल्यूबीएम लिहितो, त्यातला एम तोच. पण जमीन कोरडी ठेवा, पाणी बाजूला काढा हा त्यांचा मुख्य धडा होता. आम्ही एम ठेवला, गटार विसरलो.

यंदा एवढं केलं. आमच्याकडे एका गावठाणातला रस्ता मंजुरीला आला होता. एस्टिमेटात आम्ही जुना थर खरवडण्याची बाब घातली, दोन्ही बाजूंच्या घरांच्या जोत्यांची उंची मोजून तक्ता जोडला. किंमत वाढली म्हणून फाईल एकदा परत आली. आम्ही तक्ता पुन्हा जोडून पाठवली. सध्या ती वर आहे. काय होईल ते कळेल. आणि पोळीसाठी आपल्या मंडळातर्फे अर्ज द्यायचा आहे. मसुदा आम्ही लिहून आणला आहे, गुजरातीत, कारण तो वाचणारे गुजराती आहेत. दाराशी टेबल आहे, तिथे सह्या कराव्यात. ज्यांच्या घराच्या पायऱ्या गेल्या त्यांनी पूर्वी किती होत्या ते नावापुढे लिहावं. काकूंनी त्यांचा आकडा सांगितला आहे, चार.

अध्यक्षांनी दुसऱ्यांदा चिठ्ठी पाठवली आहे, आरतीची वेळ झाली. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे गल्लीचं मूळ, कोणाला ठाऊक असेल तर आरतीनंतर भेटा. आणि उठताना सतरंज्यांच्या घड्या घालायला चार मोठ्यांनी थांबावं. दुपारी अंथरणारी पोरं एकट्याने उचलू शकणार नाहीत.